पाणी चढलं नाही

घट बसायच्या आधी घरातली गोधडी न् गोधडी धुऊन काढायची, ही पाली गावातल्या बायांची रीत. धुणं बंधाऱ्याखालच्या डोहात. बंधाऱ्याचं दार आता यंत्र स्वतःच्या अकलेने उघडतं. मी तिथं कामाला आले त्याच दिवशी फुलाबाईंनी, ज्यांच्या घरी मी जेवायची, विचारलं होतं, "आमी आत आसताना पाणी सुटंल का वो, ताई?"

"नाही सुटणार. शब्द देते."

शब्द वाऱ्यावरचा नव्हता. चाचण्यांत पास झालेलं यंत्रही एखाद्या दिवशी दगा देतं, म्हणून मी गणिताने सिद्ध केलं होतं, की डोहात माणूस असताना दार उघडणं अशक्य. डोहात कुणी आहे की नाही, हे यंत्र पाण्याच्या पातळीवरून ओळखायचं. गृहीत एकच धरलं: अंग पाण्यात शिरलं की पाणी चढतं. एवढं तर आंघोळीच्या बादलीलाही कळतं.

त्या सकाळी बंधाऱ्यावरच्या पडद्यावर अक्षरं आली: डोह रिकामा.

खाली फुलाबाई मांडीभर पाण्यात गोधडी तुडवत होत्या.

काहीतरी बिघडलं असेल म्हणून मी खाली उतरले. पाणी मोजायच्या पट्टीजवळ एक धोंडा बुडवला. पाणी चढलं. काढला, उतरलं. पट्टी ठीक होती.

"फुलाबाई, जरा खाली बसा."

त्या हसत गळ्यापर्यंत बसल्या. पट्टीवरचं पाणी हललं नाही. त्यांच्याभोवती तरंगही उठला नाही.

"पाणी गार आहे का हो?"

त्यांचं हसू मावळलं. "गार न्हाई. कोमट बी न्हाई." मग हळूच म्हणाल्या, "लागतच न्हाई वो, ताई."

वर दाराची मोटर सुरू झाली.

हाताने अडवायची सोय नव्हती. माणूस चुकतो, म्हणून ती ठेवलीच नव्हती. मी कपड्यांनिशी डोहात उडी घेतली. माझ्या अंगाने तरी पाणी चढेल, दार थांबेल.

पट्टीकडे पाहिलं.

पाणी तिथंच होतं.

फुलाबाईंचा हात माझ्या हातात होता. मग नव्हता.

गोधडी खाली करंजाच्या मुळांत अडकलेली सापडली. फुलाबाई सापडल्या नाहीत. मी कशी वाचले, ठाऊक नाही. सिद्धता पुन्हा पुन्हा तपासली. एखादी चूक निघाली असती तर तिला धरून रडले तरी असते. चूक नाही. यंत्राच्या लेखी डोह रिकामा होता; त्याने माझा शब्द पाळला आहे.

आता भोरला घरी रोज बादली काठोकाठ भरते आणि हात कोपरापर्यंत आत घालते. सांडत नाही.

"खुळी झालीस का गं?" काल आई वैतागली आणि मला दाखवायला तिने स्वतःचा हात बादलीत घातला.

फरशी कोरडीच राहिली.