मालक नसताना बंद पडणारी गाडी

"मी बसलो की गाडी सुतासारखी सरळ चालते. मी नसलो की रस्त्यात बसते. आता तुमीच सांगा साहेब, दोष गाडीचा की ड्रायव्हरचा?"

गुरुबसप्पा माशाळे यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि मानेवरचा घाम पुसला. १९७४ सालचा एप्रिल होता. नवी पेठेतल्या त्या माडीवरच्या खोलीत पंखा होता, पण तो वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करायचा.

"ड्रायव्हरचा," हिंदुराव म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

खोली शिवयोगी हविनाळे यांची. मिलमधून नाहीसं होणारं सूत, लग्नाआधी मुलाच्या घरची चौकशी, असली खाजगी तपासाची कामं ते करत. हिंदुराव त्यांचे मित्र. कुर्डुवाडीला रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त. सगळा जन्म गाडीच्या शेवटच्या डब्यात गेल्यामुळे पुढे काय झालं ते त्यांना नेहमी उशिरा कळायचं. तरी मत आधी द्यायचे.

"सुरुवातीपासून सांगा," शिवयोगी म्हणाले.

गुरुबसप्पांचा धंदा बर्फाचा. पहाटे कारखान्यातून लाद्या उचलायच्या, भुसा आणि गोणपाटात गुंडाळायच्या आणि उन्हं चढायच्या आत अक्कलकोटच्या सोडा-लस्सीवाल्यांना पोचवायच्या. त्यासाठी त्यांनी एक पिकअप घेतली होती. चालवायला निंगप्पा.

"आता वळसंगच्या अलीकडं गाडी आचके देते आणि बंद. बराच वेळ तशीच उभी. मग आपोआप चालू. तोवर निम्म्या बर्फाचं पाणी. गिऱ्हाईक शिव्या घालतंय."

"कधीपासून?"

"तेच तर सांगायला आलोय." गुरुबसप्पा पुढे सरकले. "पेट्रोल महाग झालं, तसं मी टाकीला कुलपाचं झाकण बसवलं. किल्ली माझ्या करगोट्याला. रोज संध्याकाळी माझ्या डोळ्यांदेखत टाकी काठोकाठ भरून घेतो. झाकण बसवलं त्याच आठवड्यापासून गाडी बंद पडायला लागली. चोरी थांबली म्हणून गडी सूड काढतोय."

"आधी पेट्रोल चोरीला जात होतं?"

"कमी भरायचं. जुनं झाकण ढिलं होतं, गाडी हिंदकळली की वास सुटायचा. पण सगळंच काय सांडून जातंय?"

"तुम्ही बरोबर असता तेव्हा काय करता?"

"दोनदा गाडी थांबवतो. कुंभारीला एकदा, वळसंगच्या आधी एकदा. झाकण उघडून काडी घालून बघतो पेट्रोल किती हाय ते. गड्याला धाक राहतो. मग गाडी कशी गुमान अक्कलकोट गाठते."

"झालं की मग," हिंदुराव म्हणाले. "धाक असला की चालते, नसला की बसते. गाडीला कुठला आलाय धाक?"

"निंगप्पाला तुम्ही काही बोललात?"

"मोटार अड्ड्यावर चारचौघांत सांगितलं, हा चोर हाय म्हणून. आता सोलापुरात कुणी त्याच्या हातात स्टेअरिंग देणार न्हाय. उद्या फौजदाराकडं देतो. तुमी फक्त तो गाडी कशी बंद पाडतो ते शोधून द्या."

शिवयोगींनी चपला घातल्या.

गुरुबसप्पांचं घर बाळीवेशीत. अंगणात पिकअप उभी होती आणि तिच्या सावलीत एक तिशीचा माणूस गुडघ्यांत मान घालून बसला होता. तोच निंगप्पा.

शिवयोगींनी आधी गाडीभोवती एक चक्कर मारली. गाडीवर धूळ होती, फक्त पुढची काच लख्ख. बॉनेटवर भस्माचे तीन आडवे पट्टे, तसेच दोन्ही दिव्यांवर, चाकांवर आणि बाजूच्या टाकीच्या झाकणावर. जुन्या पट्ट्यांवर नवे पट्टे बसून चांगला थर साचला होता. हिंदुरावांनी सवयीने हात जोडले.

"तूच निंगप्पा?"

"व्हय जी."

"गाडी बंद पडली की काय करतोस?"

"बॉनेट उघडतो. पंपावर ओलं फडकं टाकतो, बसतो. थोड्या येळानं चालू हुती. का हुती, ठाव न्हाय."

हिंदुरावांनी मांडीवर थाप मारली. "ओल्या फडक्यानं चालू होते म्हणजे उष्णता. सोलापूरचं ऊन, दुसरं काय."

"ती वळसंगला पोचते तेव्हा दिवस नुकता उगवत असतो, हिंदुराव. आणि पाठीवर बर्फ असतो." शिवयोगी परत निंगप्पाकडे वळले. "टाकीचं झाकण कधी उघडून बघितलंस?"

"किल्ली माज्याकडं कुटं हाय? मालकाकडं."

"गाडी रोज पुसतोस?"

"काच तेवढी पुसतो. बाकीचं भस्म न्हाय पुसत. अव्वानं, मालकाच्या आईनं लावल्यालं हाय, ते कसं पुसायचं?" तो उठून उभा राहिला. "साहेब, मी मालकाच्या घरी ल्हानाचा मोठा झालो. चोरायचं असतं तर कवाच चोरलं असतं. बायकोला तोंड दाखवायची लाज वाटाय लागली बघा. शेजारी विचारत्यात, खरं हाय काय म्हणून."

एवढ्यात आतून एक म्हातारी ताकाचे पेले घेऊन आली. गुरुबसप्पांची आई, सुंदरम्मा. कपाळभर भस्म, गळ्यात लिंग. तिने पहिला पेला निंगप्पाला दिला, पाहुण्यांना नंतर. गुरुबसप्पा घसा खाकरून दुसरीकडे बघू लागले.

"याची आई गेली तवा हा रांगत हुता," सुंदरम्मा म्हणाली. "याचा बाप आमच्या बैलगाड्या हाकायचा. हा चोर न्हाय. पर माझं कोण ऐकतंय?"

"गाडीला भस्म तुम्ही लावता, अव्वा?"

"तर. बैल वाटंला लावायच्या आधी त्याच्या कपाळाला, खुराला, तोंडाला भस्म लावायची आमच्या घरची रीत हाय. आता बैल गेलं, ही आली. हिला बी लावते. सुकं भस्म पत्र्यावर टिकत न्हाय बघा, वाऱ्यानं उडतंय, म्हणून एरंडेलात कालवून लावते. पोरगं रोज वाटंत अडकाय लागलं, तसं जास्तच लावते."

"रोज?"

"रोज. पहाटं तो निघायच्या आधी."

ताक झकास होतं. हिंदुराव दोन पेले प्यायले.

तिथून दोघे विजापूर वेशीला यासीन मिस्त्रीच्या गॅरेजात गेले. यासीन एका जीपखाली झोपला होता. तिथूनच बोलला.

"प्लग बदल्या, कॉइल बदल्या, पेट्रोल का पंप बदल्या. अब क्या मैं अपना सर बदलूं? गाडी में कुछ नै साब. मेरे कने आई की पैले पूरी धुलातूं, मिट्टी में हात नै डालता मैं. फिर चलाके देखतूं तो मस्त चलती. होटगी के आगे तक जाके आया, एक झटका नै दी."

"घरी गेली की?"

"दूसरे दिन फिर वोच रोना."

हिंदुराव बाहेर येऊन कुजबुजले, "मिस्त्रीच मुद्दाम बिघडवत असेल. पुन्हा पुन्हा गिऱ्हाईक."

"मग मालक बरोबर असताना ती का चालते?"

हिंदुरावांनी या प्रश्नाचं उत्तर मोटार अड्ड्यापर्यंत शोधलं. सापडलं नाही.

अड्ड्यावर आण्णा डोंगरे भेटला. मोहोळकडचा गडी, भाड्याने माल वाहायचा; गाडीही हुबेहूब तीच, आणि टाकीला तसलंच कुलपाचं झाकण. पुढच्या बंपरला लिंबू-मिरची लोंबत होती. बाकी गाडीवर धुळीशिवाय काही नव्हतं.

"गाडी कशी आहे म्हणता? लई नाटकी हाय," आण्णा म्हणाला. "क्लच खाती, स्प्रिंगची पाटं मोडती, खड्ड्यात गेली की डावा दरवाजा आपला आपणच उघडतोय. पर वाटंत बसत न्हाय. झाकण गुरुबसप्पानं आणलं त्याच दुकानातलं हाय."

"गुरुबसप्पांची गिऱ्हाइकं तुटली तर तुम्हाला मिळतील."

"मिळतील की. पर मला गिऱ्हाइकापरीस निंगप्पा मिळाला असता तर बरं झालं असतं. मागं एकदा मागितला हुता मी, दुप्पट देतो म्हणलं. म्हातारीला सोडून येत न्हाय म्हणाला. आणि आता त्यालाच चोर ठरवलंय." आण्णा जमिनीवर थुंकला. "आता मलाबी तो ठेवता येत न्हाय. चोर ठेवला म्हणून लोकं माझ्या गाडीत माल टाकायची न्हाईत."

शिवयोगी गुरुबसप्पांकडे परत गेले आणि दोन गोष्टी मागितल्या. टाकीची किल्ली आणि फौजदाराकडे जायला एका दिवसाची मुदत. गुरुबसप्पांनी किल्ली करगोट्यातून सोडवून दिली खरी, पण दात काढून दिल्यासारखं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुंदरम्माने रोजच्यासारखं गाडीला भस्म लावलं. बर्फ भरला. निंगप्पा, शिवयोगी आणि हिंदुराव तिघे पुढे बसले. कुंभारी गेली. वळसंगचं चिंचेचं झाड दिसू लागलं आणि गाडीने आचका दिला, दुसरा दिला, बंद पडली.

"मी हात लावला न्हाय, साहेब," निंगप्पा म्हणाला. त्याने दोन्ही हात स्टेअरिंगवरून वर उचलले.

"मी बघत होतो. पायसुद्धा हलवला नाहीस."

हिंदुरावांचा चेहरा उतरला. "शिवयोगी, त्या चिंचेखाली काही आहे का? असतं म्हणतात कुठं कुठं."

शिवयोगी खाली उतरले. त्यांनी ना बॉनेट उघडलं, ना फडकं भिजवलं. टाकीच्या झाकणाला किल्ली लावली, कान जवळ नेला आणि हळूच झाकण सैल केलं. 'सूंऽऽ' असा बारीक आवाज झाला.

"मार स्टार्टर."

गाडी चालू झाली.

झाकण परत बसवण्याआधी ते त्याच्याशी थोडा वेळ खुडबुड करत राहिले. त्या दिवशी अक्कलकोटला बर्फ बर्फासारखा पोचला, आणि येताना गाडी कुठेही थांबली नाही, जरी झाकण पुन्हा उघडलं नव्हतं.

दुपारी अंगणात सगळे जमले. गुरुबसप्पा खुर्चीत, सुंदरम्मा ओट्यावर, निंगप्पा उभा. यासीनलाही बोलावलं होतं.

"सापडला चोर?" गुरुबसप्पांनी विचारलं.

"चोर नव्हताच. अव्वा, मला एक सांगा. गोडेतेलाचा नवा डबा फोडताना तुम्ही किती भोकं पाडता?"

"दोन."

"एक का नाही?"

"एकातनं तेल येतंय व्हय? एक तेलाला, एक वाऱ्याला."

यासीनने कपाळावर हात मारून घेतला. त्याला कळलं. हिंदुरावांना अजून अवकाश होता.

"टाकीचंही तसंच," शिवयोगी म्हणाले. "पेट्रोल इंजिनाकडे जातं, तेवढी हवा टाकीत शिरावी लागते. जुनं झाकण ढिलं होतं, चहूकडून हवा घ्यायचं. त्यातूनच तुमचं पेट्रोल उडत आणि सांडत होतं, गुरुबसप्पा. नवं झाकण घट्ट. त्याला हवेसाठी टाचणीएवढं एकच भोक आहे. ते बुजलं, की गाडी थोडी चालते, टाकीत ओढ बसते, पेट्रोल येईनासं होतं. त्यात तुम्ही टाकी काठोकाठ भरता, आत मोकळी हवा उरतच नाही. गाडी उभी राहिली की कुठून तरी झिरपत हवा शिरते आणि ती चालू होते. ओल्या फडक्याचा काही संबंध नाही. आज मी ते भोक मोकळं केलं, म्हणून येताना गाडी थांबली नाही."

"पर मी असताना..."

"तुम्ही दोनदा झाकण उघडता. उघडलं की हवा आत. चोर पकडायला काडी घालत होता आणि दर वेळी गाडी तुम्हीच दुरुस्त करत होता. निंगप्पाकडे किल्ली नव्हती. त्याच्या हातात नुसतं बसून राहणं होतं."

"मग आण्णाची गाडी? तिलाही तेच झाकण आहे," हिंदुराव म्हणाले. हा त्यांचा त्या दोन दिवसांतला पहिला शहाणा प्रश्न होता.

"त्याच्या झाकणावर काही लावत नाहीत. यासीन गाडी आधी धुतो, म्हणून त्याच्याकडे चालते. इथे मात्र..." शिवयोगी थांबले. पुढचं वाक्य त्यांना जड जात होतं.

सुंदरम्माच बोलली. "मी लावते. ती तितनं पेट्रोल पिते, ते तिचं तोंड म्हणून. एरंडेलात कालवून, दाट." तिने आपल्या हातांकडे पाहिलं. "माझ्या पोराला मीच अडकवलं की रं देवा."

आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"अव्वा, तसं न्हाय," निंगप्पा पुढे होऊन तिच्या पायाशी बसला. "तुमी माझ्यासाठी लावत हुता."

"भस्म जुन्या झाकणावरही लागत होतं, तेव्हा काही बिघडलं नाही," शिवयोगी जरा रागानेच म्हणाले. "आणि किल्ली या माणसाजवळ असती, तर पहिल्याच दिवशी झाकण उघडून त्याला कळलं असतं. कुलूप लावायचा तुम्हाला हक्क होता, गुरुबसप्पा. पण चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरही नव्हता."

मग गुरुबसप्पा खाली बघत म्हणाले, "झालं गेलं. उद्या नेहमीसारखा ये कामावर, निंगप्पा."

"न्हाय, मालक."

निंगप्पाने मालकाला 'न्हाय' म्हणायची ही पहिलीच वेळ असावी. त्याचं त्यालाच भ्यायल्यासारखं झालं, पण तो मागे हटला नाही.

"तुमी हितं अंगणात बोलला. चोर म्हणला ते अड्ड्यावर. उद्या मी गाडी घिऊन गेलो तर लोकं म्हणतील, चोराला दयेनं ठेवून घेतला. तसली भाकरी मला नगं."

"म्हणजे मी तिथं जाऊन..."

"जा की," सुंदरम्मा ओट्यावरून उठली. "जा म्हणते ना. चल, मी बी येते."

भर दुपारचं ऊन. अड्ड्यावर ड्रायव्हर गाड्यांच्या सावलीत आडवे झाले होते. बर्फवाल्या माशाळेंच्या मागे त्यांची आई, तिच्या मागे निंगप्पा आणि दोन सभ्य गृहस्थ अशी वरात बघून सगळे उठून बसले. आण्णाही होता.

गुरुबसप्पांनी टोपी काढली. परत घातली. आधी झाकणाचं आणि हवेचं काहीतरी सांगायला लागले, ते कुणाला कळेना. सुंदरम्मा नुसती बघत राहिली.

मग ते थांबले. "निंगप्पा चोर न्हाय," ते म्हणाले. "मी खोटं बोललो हुतो. चूक माझी हाय. ज्यांनी ज्यांनी ऐकलं हुतं, त्यांनी हेबी दुसऱ्याला सांगा."

आण्णाने बसल्या जागेवरून सरकून निंगप्पाला सावलीत जागा करून दिली. दुसऱ्या कुणीतरी त्याच्यापुढे तंबाखू धरली.

निंगप्पा बसला. तंबाखू चोळता चोळता त्याने मालकाकडे मान वर केली.

"उद्या पहाटं येतो," तो म्हणाला.