दादाच्या नावावर

उंचावर काम करणाऱ्या सगळ्यांनी हृदय तपासून घ्यायचं, असा कंपनीने हुकूम काढला. दादाने आधी कंपनीला शिव्या घातल्या, मग समस्त डॉक्टर जमातीला घातल्या, आणि शिव्या संपल्यावर तो माझ्या दुकानात आला.

माझं दुकान फ्रिज दुरुस्तीचं. दादा क्रेन चालवतो. नव्या इमारतींच्या कामावर ती उंच पिवळी क्रेन उभी असते ना, तिच्या माथ्यावरच्या काचेच्या खोलीत माझा भाऊ दिवसभर बसलेला असतो. खालच्या माणसांना तो मुंग्या म्हणतो. त्याला थोडा माज आहे, पण तो माज त्याने कमावलेला आहे.

"माझ्याऐवजी तू जा," तो म्हणाला.

"कुठं?"

"तपासणीला. माझं कार्ड घेऊन. फोटोत आणि तुझ्यात फरक काय? मिशी वाढव, झालं काम."

फरक खरंच नव्हता. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं, असे आम्ही दोघे.

"तुला चक्कर येते का?" मी सरळ विचारलं.

"मला? कशाला येईल?"

त्याच्याच इमारतीच्या जिन्यात मी त्याला मध्येच बसलेला पाहिला होता. तोंड पांढरंफटक. बुटाची नाडी बांधतोय म्हणाला. पायात चप्पल होती.

आमचे वडील असेच गेले. जेवून उठले, हात धुतले आणि टॉवेलपर्यंत पोचले नाहीत. धडधाकट माणूस. लोक म्हणाले, भाग्यवान, त्रास न होता गेले. भाग्य कसलं डोंबलाचं! आत काहीतरी बिघडलेलं होतं आणि आमच्यापैकी एकालाही आत डोकावून पाहायचं सुचलं नाही. मी बिघाडावर पोट भरणारा माणूस. वस्तू बंद पडते त्याला कारण असतं आणि कारण शोधलं की सापडतं, यावर माझा विश्वास. होता.

"क्रेनवरून उतरवलं तर मला फाटकावर शिट्टी देऊन उभा करतील," दादा म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. "खाली राहायला मला जमत नाही रे, छोट्या."

मी अट घातली. कंपनीपुरता मी जातो, पण त्याच आठवड्यात तू दुसरीकडे जाऊन गुपचूप तपासून घ्यायचंस. त्याने मुलीची शपथ घेतली. दादाच्या शपथेला पावशेराचं वजन नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

तपासणी केंद्र रस्त्याच्या कडेला दुसऱ्या मजल्यावर होतं. पांढऱ्या भिंती, प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याच्या यंत्राची घरघर. हृदयाची सोनोग्राफी करायची खोली शेवटची, अंधारी आणि थंड. इको काढणाऱ्या मॅडम पोक्त होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी दादाचं कार्ड पाहिलं, मला पाहिलं आणि म्हणाल्या, "शर्ट काढा, डाव्या कुशीवर झोपा. गार लागेल, ओरडू नका. मोठी माणसंच जास्त ओरडतात."

छातीवर गार चिकट जेल पडलं. पडदा माझ्या डोळ्यांसमोरच होता. करड्या धुक्यात काहीतरी उघडझाप करत होतं. खाली हिरवी रेघ उड्या मारत चालली होती. माझं हृदय मी पहिल्यांदाच बघत होतो. निदान मला तसं वाटत होतं.

मॅडमचं बोलणं हळूहळू कमी झालं आणि मग थांबलं. त्या एकाच जागी पुन्हा पुन्हा दाबून बघू लागल्या.

"लहानपणी पडला होतात का कुठं?"

"नाही. का?"

"ही बरगडी मोडून सांधलेली दिसतेय. हाडाला पायरी आलीये, बघा."

मी पडद्याकडे पाहिलं. मग हात खाली नेऊन माझ्या कुशीवर दाबून पाहिलं. माझी बरगडी सरळ होती, पट्टीसारखी.

पाण्याच्या टाकीवरून पडून बरगडी मोडली होती दादाची. मी तेव्हा खाली उभा राहून भोकाड पसरलं होतं.

कार्ड दुसऱ्याचं असलं की तोंड आपोआप बंद राहतं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी समोर बसवून नीट समजावलं. हृदयाचा स्नायू एका बाजूने जाड झालाय. बाहेरून काही कळत नाही, माणूस अगदी ठणठणीत दिसतो, आणि एक दिवस ठोका असा बिघडतो की सावरायला वेळ मिळत नाही. "आत्ता सापडलं हे चांगलं झालं," ते म्हणाले. "याच्यावर उपाय आहेत. बैल गेला नि झोपा केला, असं व्हायला नको. तोवर उंचावर चढायचं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा या, खात्री करू, मग कंपनीला कळवू. वडील कसे गेले तुमचे?"

मी सांगितलं.

"भाऊबहीण?"

"एक भाऊ आहे."

"त्यालाही तपासून घ्या. हे घराण्यात उतरतं."

मी घेतलं तपासून. दुसऱ्या दवाखान्यात, माझ्या स्वतःच्या नावावर. तीच सोनोग्राफी, तसंच गार जेल. तिथला डॉक्टर हसला. "घोड्याचं हृदय आहे. पळा."

बरगडीचं मी मुद्दाम विचारलं. बरगडीला काय झालंय, असं त्याने मलाच उलट विचारलं.

दादा गच्चीवर कपडे वाळत घालत होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो खो खो हसला.

"म्हणजे माझ्या नावावर तू आजारी आणि तुझ्या नावावर तू घोडा? छोट्या, यंत्र बिघडलंय. तुझ्यासारख्या एखाद्याने दुरुस्त केलं असणार."

"त्यांना तुझी बरगडी दिसली, दादा."

त्याच्या हातातला चिमटा खाली पडला. तो उचलायला तो वाकला आणि जरा जास्तच वेळ वाकलेला राहिला.

"तिथं तू झोपला होतास," तो शेवटी म्हणाला. "मी नव्हतो. मग माझं काय दिसणार त्यात? काय खुळ्यासारखं बोलतोस!"

माझी खरी चीड हीच होती. त्याला वाचवायचा रिपोर्ट माझ्या हातात होता आणि तो खोटा ठरवायला त्याच्याकडे सगळ्यांत भक्कम पुरावा होता. तो तिथे गेलाच नव्हता. आम्ही दोघांनी मिळून कंपनीला फसवलं आणि जाळ्यात अडकलो आम्हीच.

दारात वहिनी उभी होती. तिने किती ऐकलं, कोण जाणे. ओल्या कपड्यांची बादली खाली ठेवून ती म्हणाली, "भावोजी, या वेळी त्यांना घेऊन जा. ओढत न्यायला लागलं तरी चालेल."

"बरं, येतो," दादा म्हणाला. "दोघं मिळून माझा जीव खाऊ नका."

ठरलेल्या सकाळी मी केंद्राच्या खिडकीत उभा राहिलो. दादा आला नाही. खिडकीतून दूरवर क्रेन दिसत होती. तिचा लांब हात सावकाश वळत होता, टोकाला लोखंडी सळ्यांची मोळी लोंबत होती. साहेब वर जाऊन बसले होते. मला असा संताप आला की त्या काचेवर डोकं आपटावं.

आतून दादाचं नाव पुकारलं.

मी ठरवलं, आज सगळं ओकून टाकायचं. कार्ड माझं नाही, माणूस तो वर बसलाय, त्याला खाली उतरवा. पण त्याआधी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करायची होती. ती बरगडी पुन्हा दिसली, की तडक डॉक्टरांच्या खोलीत.

"या, आज मिशी छान दिसतेय," मॅडम म्हणाल्या. मी झोपलो. खिडकीचा पडदा पूर्ण ओढलेला नव्हता. फटीत क्रेनचा वरचा भाग येत होता.

धुकं आलं, उघडझाप आली आणि तिच्या कडेला हाडाची ती पायरी.

"मॅडम, मला डॉक्टरांशी बोलायचंय," मी म्हणालो.

"एक मिनिट. हलू नका."

पडद्यावरचं हृदय थरथरलं. उघडायचं विसरल्यासारखं झालं, मग घाईघाईने उघडलं. हिरवी रेघ वेडीवाकडी झाली. मला काहीच जाणवत नव्हतं. छातीत कळ नाही, घाम नाही. माझा श्वास नेहमीसारखा चालू होता.

"बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"हो."

"चक्कर?"

"नाही."

मॅडमनी बेल दाबली.

हृदय एकदा हललं.

मग हललं नाही.

हिरवी रेघ सरळ झाली आणि सरळच चालत राहिली. मॅडमनी माझ्या छातीवरच्या वायरी दाबून पाहिल्या. यंत्राच्या मागे हात घातला. मग माझ्या गळ्याला दोन बोटं लावली आणि तशीच ठेवली. त्यांच्या बोटांखाली माझी नाडी धाडधाड उडत होती. त्या एकदा माझ्याकडे बघत, एकदा पडद्याकडे.

"तुम्ही कोण आहात?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

मी फटीतून बाहेर पाहिलं. क्रेनचा हात वळता वळता अर्ध्यावर थांबला होता.

वायरी तोडून मी पळालो. शर्टाची बटणं रस्त्यात लावली. बांधकामावर पोचलो तेव्हा सगळी माणसं माना वर करून उभी होती. सळ्यांची मोळी हवेत सावकाश फिरत होती. सुपरवायझर वायरलेसवर दादाच्या नावाने ओरडत होता. पलीकडून फक्त खरखर.

मी शिडीकडे धावलो.

वर शिडीवर बूट दिसले. दादा उतरत होता. न घाबरता, एकेका पायरीवर नीट पाय ठेवत.

"काय रे, तू इथं?" खाली आल्यावर तो म्हणाला. "जरा डोळा लागला बघ. कसली छान झोप लागली!"

सुपरवायझर त्याच्यावर उखडला. दादा ऐकून घेत होता, हसत होता. मी त्याचं मनगट धरलं. गार होतं. मी बोटं सरकवून पाहिली, दाबून पाहिली, पुन्हा सरकवली.

"सोड की. बायको आहे का मी तुझी?"

मी त्याचं दुसरं मनगट धरून पाहिलं.

"आणि ऐक," तो म्हणाला. "उद्या जाऊ त्या तपासणीला. मी स्वतः झोपतो. आता मला काही भीती नाही वाटत."

मी हो म्हणालो नाही. आजतागायत म्हणालेलो नाही. तोच मला रोज विचारतो, कधी जायचं?

काल संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो होतो. वहिनी माझ्याकडे न बघता भांडी लावत होती. डॉक्टर काय म्हणाले, हे तिने अजून विचारलेलं नाही. दादा गादीवर उताणा पडला होता. त्याची मुलगी खेळून दमून आली आणि सवयीने त्याच्या छातीवर कान टेकून आडवी झाली. थोड्या वेळाने तिने मान फिरवून दुसरा कान लावून पाहिला. मग उठली, माझ्या मांडीवर चढली आणि माझ्या शर्टावर डोकं टेकलं.

"काका, बोलू नको हं," ती म्हणाली.

ती डोळे मिटून माझ्या शर्टाच्या बटणावर एका बोटाने हलकेच ठेका धरू लागली. टक. टक. टक. तो माझा होता, मी ओळखला.

मग तिने दुसरं बोट लावलं. ते पहिल्याच्या मागून पडत होतं, उशिरा, मधेच अडखळत.