मुद्रेची मागची बाजू

हा मातीचा तुकडा हातात धर. दिव्याजवळ नेऊ नकोस अजून, आधी कुठून आला ते ऐक.

यरुशलेममध्ये मी राजाचा दवंडीवाला होतो. राजवाड्यातून हुकूम निघाला की वेशीवेशीवर ओरडून सांगायचा, हे माझं काम. माझी बायको नारा म्हणायची, "तुझा घसा राजाचा, भूक तेवढी माझ्या वाट्याला." खोटं नव्हतं. मंदिराच्या दाराशी सूर्याला वाहिलेले घोडे उभे असत. आधीच्या राजांनी ते मोठ्या थाटात आणले, तेव्हा लोकांनो दर्शनाला या, म्हणून मीच ओरडलो. मग नवा राजा मोठा झाला, त्याला जुनं धर्मशास्त्र सापडलं, आणि हे घोडे म्हणजे महापाप, हेही मीच ओरडलो. लोक तेच, वेशी त्याच. कुणी विचारलं नाही की कालचं खरं का आजचं.

घोडे यरीहोच्या वाटेने हाकलून दिले. त्यांचे रथ कोरड्या ओढ्यात नेऊन जाळले. पागा रिकामी झाली.

त्या पागेला लागून नथान-मलेखची खोली होती. हा राजवाड्यातला खोजा, वयाने म्हातारा, हुद्द्याने लहान. घोड्यांना दाणा वेळेवर मिळतो की नाही आणि सूर्य उगवण्याआधी त्यांची तोंडं पूर्वेला वळवली जातात की नाही, एवढं बघायचं. घोडे त्याने आणले नव्हते, पूजा त्याने सुरू केली नव्हती. पण बोट दाखवायला तोच जवळ होता.

त्या संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो तो साधा निरोप घेऊन. राजवाड्याचा कारभारी मखीर उद्या उजाडताच पागेच्या दारावरची मातीची मुद्रा फोडून आत पाहणार होता. शेजारच्या याजकांनी कागाळी केली होती की बंद पागेतून टापा ऐकू येतात. म्हाताऱ्याने एखादा घोडा लपवला असला, तर रथ जळाले तिथे म्हाताऱ्यालाच जाळणार होते.

नथान-मलेख दारात जवाची भाकरी खात बसला होता. निरोप ऐकून त्याने भाकरी खाली ठेवली. उजाडताना नको, दुपारी उघडा म्हणावं, एवढंच तो म्हणाला. मी म्हटलं, काका, लपवायचं काही असेल तर आताच सांगा. त्यावर तो हसला.

"लेका अक्कूब, रिकाम्या खोलीला कुणी मुद्रा करतं का?"

त्याचं म्हणणं मला उशिरा कळलं. आमच्याकडे कोठाराच्या दोरीवर ओली माती थापून आपली मुद्रा उमटवतात, ती आतला माल सांभाळायला. ज्याची मुद्रा, त्याचा माल, आणि जाबही त्यानेच द्यायचा. घोडे गेल्यावर मखीरने हट्टाने म्हाताऱ्याकडूनच दार मुद्राबंद करवलं होतं. मातीवर उमटलं होतं : नथान-मलेखचं, राजाच्या सेवकाचं.

"आत काही नव्हतं," तो म्हणाला, "आणि मी लिहून दिलं की जे आहे ते माझं. मला ना मूल ना बाळ. माझं म्हणावं असं काही नव्हतंच कधी. आता..."

तो थांबला. भिंतीपलीकडे काहीतरी चावत होतं. सावकाश, रवंथ नव्हे... घोडा जव चावतो तसं, कुडुम कुडुम. मग फुरफुर. भिंतीच्या फटीतून घामेजलेल्या कातडीचा ऊबदार वास आला. मी उठून पागेच्या दाराशी गेलो. मुद्रा शाबूत होती, मातीला चीर नव्हती. पण दाराखालच्या फटीतून माझ्या पावलांवर गरम श्वास येत होता.

"मोजू नकोस," म्हातारा मागून हळूच म्हणाला. "जेवढे नेले, त्याहून जास्त आहेत."

वेशी बंद झाल्या होत्या, घरी जाता येईना. त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो नाही.

पूर्वेकडे फटफटलं तसा आतला आवाज बदलला. एकदम सगळ्या टापा वाजल्या. खोलीभर जनावरं एकाच वेळी वळावीत तशा. मग शांतता. वाट पाहणारी.

मखीर दोन शिपाई घेऊन आला. म्हातारा त्याच्या पाया पडला, दुपारी उघडा म्हणाला. मखीर म्हणाला, "का, तोवर घोडा खाऊन संपवणार?" शिपाई हसले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, घोडे राजांनी आणले, दर्शनाला तुम्ही स्वतः रांगेत होता, मग जाब या माणसाला का?

मखीरने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "राजे मेले की पापाला जवळपासचा मालक शोधावा लागतो," तो म्हणाला आणि त्याने मुद्रा फोडली.

पागा रिकामी होती. झाडलेली फरशी, कोरडी गव्हाण, गवताची काडी नाही. मला एवढं हायसं वाटलं की मी भिंतीला टेकलो. म्हातारा सुटला होता. मखीरचं तोंड मात्र उतरलं. याजकांचेच कान वाजतात, असं काहीतरी पुटपुटून तो म्हणाला, पुन्हा मुद्रा कर.

"उघडं राहू द्या," नथान-मलेख म्हणाला. "त्यांना जाऊ द्या."

"कुणाला?"

म्हातारा वाकला. बोटातली मुद्रेची अंगठी काढून त्याने उंबऱ्यावर ठेवली आणि आत गेला. मध्यभागी उभा राहून, रोज घोड्यांना वळवायचा तसा, स्वतःच पूर्वेला वळला. आमच्याकडे, दाराकडे. तेवढ्यात डोंगरावरून पहिलं ऊन आलं आणि त्याच्या तोंडावर पडलं. त्याने हात वर केला. लगाम धरतात तसा.

दारातून काय गेलं ते मी पाहिलं नाही. वारा नव्हता, वास होता. माझ्या खांद्याला काहीतरी केसाळ, ओलसर घासून गेलं. एक शिपाई आडवा पडला, त्याच्या छातीवर अर्धचंद्रासारखा वळ उठला होता. धूळ बसली तेव्हा पागेत कुणी नव्हतं. मागे दार नाही, खिडकी नाही. फरशीवर म्हाताऱ्याची वहाणही नाही.

मखीरने दार ओढलं, दोरी गुंडाळली, ओली माती थापली आणि उंबऱ्यावरची म्हाताऱ्याचीच मुद्रा तिच्यावर दाबली. मी वीतभर अंतरावर होतो. माती दोरीवर दाबलेली मी या डोळ्यांनी पाहिली. मग तो मला म्हणाला, नथान-मलेख आपल्या गावी गेला अशी दवंडी दे.

मी दिली नाही. माझं काम गेलं, नाराने डोक्याला हात लावला, पण ते वाक्य माझ्या घशातून निघालं नाही.

पुढे बाबेलच्या राजाची फौज आली, तिने सगळं शहर जाळलं. मुद्रांची कच्ची माती त्या आगीत भाजून विटेसारखी झाली. पागेच्या राखेत हात घालून मी हा तुकडा काढला. आता ने दिव्याजवळ. पुढे त्याचं नाव आहे, वाचता येतं. आता उलटा कर. माती ज्यावर दाबतात त्याचा ठसा मागे राहतो. दोरीचा पीळ दिसायला हवा.

दिसतो?

ते केस आहेत. आखूड, एका दिशेने बसलेले, खरारा केलेले. नख फिरवून बघ... केसांखाली ती आडवी रेघ लागते ना, ती शीर आहे. मेलेल्या जनावराची शीर अशी फुगत नाही.