तीन चमचे

“मला समुद्र हवाय,” मी म्हणाले. “एक कॅनभर.”

मत्स्यालयाच्या मागच्या दारात गमबूट घालून टाकी धुणारा तो उंच माणूस क्षणभर माझ्या हातातल्या रिकाम्या कॅनकडे बघत राहिला.

“लाटांसकट... की नुसता?”

हसू दाबताना माझी तारांबळ उडाली. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, मुलांना समुद्राच्या पाण्यातून बफर दाखवायचाय, असं कसंबसं सांगितलं. त्याने कॅन भरून दिला. त्यानंतर मला दर आठवड्याला समुद्र कमी पडू लागला. वर्गात एवढं पाणी लागत नाही, हे त्यालाही कळत असावं, पण बिचाऱ्याने कधी विचारलं नाही.

शेवटी मीच सांगितलं. “सोमवारी मोठ्या बाई माझा तास बघायला बसणार आहेत. पसंत पडला तर नोकरी कायम. नाहीतर गाशा गुंडाळून दादाकडे.”

“म्हणजे... हे गाव सोडून?”

“नोकरीच नसेल तर इथे राहून काय मासे मोजू?”

त्याने हातातला ब्रश खाली ठेवला. “सोमवारचं पाणी मी स्वतः आणतो,” एवढंच म्हणाला.

आणलंही. कॅन टेबलावर ठेवून तो मागच्या बाकावर अंग चोरून बसला. मोठ्या बाई खिडकीपाशी होत्या. मी एका ग्लासात साधं पाणी आणि दुसऱ्यात समुद्राचं घेऊन दोन्हींत आम्ल ओळखणाऱ्या दर्शकाचे थेंब टाकले, दोन्हीकडचं पाणी निळं झालं. साध्या पाण्यात एका मुलीने नळीने फुंकर मारली. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचं आम्ल झालं आणि पाणी बघता बघता पिवळं पडलं.

“आता समुद्र,” मी म्हणाले. “याच्यातले क्षार आम्ल पचवतात, म्हणून हा लगेच बदलत नाही. त्यालाच बफर म्हणायचं. पण पचवायलाही मर्यादा असते. आपण सोडलेला धूर गिळून गिळून समुद्र हळूहळू बदलतोय, आणि शिंपल्यांना कवच बांधणं जड जातंय. फुंका, थोड्या वेळाने हिरवा होईल.”

ती फुंकत राहिली. मग तिची मैत्रीण. मग वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा. गाल टम्म फुगले, पण पाणी निळं ते निळंच. मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला.

मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं.

“मॅडम... त्यात मी पावडर घातलीय. टाक्यांचं पाणी बिघडू नये म्हणून घालतो ती. तीन चमचे.”

वर्ग खदखदून हसला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण त्याचे लालबुंद कान पाहिले आणि रागवायचं राहूनच गेलं.

“मग यांनी काय केलं, सांगा बरं?” मी मुलांना विचारलं.

“बफर वाढवला,” ती फुंकणारी मुलगी धापा टाकत म्हणाली.

“म्हणजे समुद्रातही पावडर टाकली की झालं?” मोठ्या बाईंनी विचारलं.

मी त्याच्याकडे बघितलं. तो उभा राहिला. “एवढा मोठा चमचा कुठे मिळायचा, बाई? त्यापेक्षा धूर कमी केलेला परवडला.”

मग मी ड्रॉपरने व्हिनेगर सोडू लागले. पाणी बराच वेळ हटून बसलं, आणि मग मात्र भराभर हिरवं, पिवळं होत गेलं. मुलं बाक सोडून टेबलाभोवती गोळा झाली होती.

जाताना मोठ्या बाई म्हणाल्या, “पुढच्या वर्षीही हा धडा असाच घ्या. ती पावडरसुद्धा राहू द्या.”

पुढच्या वर्षी... म्हणजे मी राहणार होते.

तो व्हरांड्यात रिकामा कॅन धरून उभा होता.

“इतकी वर्षं टाक्या सांभाळता. एका कॅनला तीन चमचे?”

“एक चमचासुद्धा जास्तच झाला असता,” तो म्हणाला. “पण... पाणी बिघडलं तर तुमचा धडा बिघडेल, आणि तुम्ही जाल. हात थांबेचना.” मग वर बघून म्हणाला, “तुम्ही जाऊ नका. पाणी लागो, न लागो.”

मी त्याच्या हातातून कॅन घेतला.

“तो कशाला?”

“उद्या तुमच्याकडे यायला काहीतरी निमित्त हवं ना.”

“निमित्ताशिवाय या की.”

मी कॅन तिथेच भिंतीशी ठेवला आणि रिकाम्या हातांनी त्याच्याबरोबर निघाले. फाटकापर्यंत पोहोचताना त्यातला एक हात रिकामा राहिला नव्हता.