डावी नडगी

चंद्रावरच्या खाणीत जायचं तर आधी नडग्या काचवून घ्याव्या लागतात, म्हणजे हाडावर काचधातूचा लेप मारून घ्यावा लागतो. तिथं वजन सहावा हिस्साच, हाडं भुसभुशीत होतात. अठरा पूर्ण असल्याचा कागद दाखवा आणि टेबलावर झोपा. चंद्रावर खाण निघाली, पण खाली ऊस अजून माणसंच तोडतात.

रेणू कमरेखाली बधिर, वर जागी होती. उजवी नडगी झाली होती. लेप बसला का ते बघायला डॉक्टर काझींनी दोन्ही पायांच्या हाडांचा फोटो काढला आणि डावीला हात न लावता तिच्या बापाला, गोरखला, आत बोलावलं.

"हिचं वय काय?"

"कागदावर अठरा."

"कागदाचं नाही, पोरीचं विचारतेय. डावीचं हाड वाढतंय अजून."

"पंधरा," गोरख पुटपुटला. "आम्ही ऊसतोडीला जायचो. हिला थोरल्या भावाच्याच वर्गात बसवा म्हणलं. गुरुजींनी तीन वर्षं वाढवून एक जून लिहिलं. आमच्याकडं सगळ्यांचंच तसंय, मॅडम."

हा फोटो आधी काढायला हवा होता. पण कागद असताना फोटो कशाला, असं वरच्या शहाण्यांनी ठरवलं होतं.

"मग लेप खरवडून काढा की!" वाढत्या हाडाला लेप चालत नाही म्हटल्यावर गोरख म्हणाला.

"रंग आहे का तो? काचधातू म्हणजे अणू रांगेत लागायच्या आत गोठवलेला धातू. त्याचे कण हळू मारले तर उडून जातात. गोळीच्या वेगानं आपटले की कणाची कातडी क्षणभर मधासारखी होते, हाडाच्या खाचांत शिरते आणि तिथंच गोठते. आता लेप कुठं संपतो नि हाड कुठं सुरू होतं, मलाही सांगता येणार नाही."

"तापवून?"

"तेवढ्या तापात हाडच जळेल. अहो, हाड टोकांशी वाढतं आणि टोकं लेपाखाली गेली. उजवा पाय इथंच थांबला. डावा वाढणार."

"लंगडी होईल?"

"हो. डावीलाही लेप मारला तर पाय सारखे होतील, पण उंची खुंटेल."

"मारा. मी सही करतो."

"कागदानं ती सज्ञान आहे, तुमची सही चालत नाही. खरं वय धरलं तर तिची चालत नाही."

"मग चालते कुणाची?" गोरखनं विचारलं. काझींनी संमतीचा कागद आणि पेन बाजूला ठेवलं.

"मॅडम," रेणूनं मान वळवली, "फोटोत माझा उजवा पाय किती वर्षांचा दिसतो?"

काझींनी पुन्हा फोटो बघितला. उजवीची टोकं लेपानं बुजली होती. ती नडगी पुरी वाढलेल्या बाईची दिसत होती.

"अठरा," त्या म्हणाल्या.

रेणूनं पेनासाठी हात पुढं केला. "मग डावीपण अठराची करा."