न पडणारं घर

मिशन नऊ बिघडलंय हे वैद्याला सोमवारी सकाळी, चहाच्या आधी कळलं.

हजेरीपटावर त्याचं दुसरं नाव होतं, पण ते हजेरीपटावरच राहायचं. आजारी पडलेली मिशनं त्याच्या टेबलावर यायची आणि धडधाकट होऊन परत जायची, म्हणून तो वैद्य. वीस वर्षं हेच चाललेलं. इमारत बाहेरून विम्याच्या ऑफिससारखी दिसायची: तीन मजले, काचेचं दार, कुंडीत एक मरतुकडं झाड. आत तळमजल्यावर मात्र लढाऊ विमानाचं नुसतं मुंडकं ठेवलेलं होतं. धड नाही, पंख नाहीत. कॉकपिट तेवढं, आणि भोवती अर्धगोल पडदा. शिकाऊ वैमानिक त्यात बसून युद्ध शिकायचे; एकेक धडा म्हणजे एकेक मिशन. आकाश पडद्यावर, इंजिन स्पीकरमध्ये आणि मेलेली माणसं गुणांच्या रकान्यात. खरा विमानतळ तिथून तीनशे किलोमीटरवर होता. या शहरावरून साधं प्रवासी विमानसुद्धा जात नसे.

"तुझं घर पडत नाही," ससाणा दारातूनच म्हणाला.

ससाणा म्हणजे मुख्य प्रशिक्षक. नाकावरून आणि नजरेवरून पडलेलं नाव. तोंडावर सगळे 'सर' म्हणायचे.

"कुठलं घर, सर?"

"गल्लीच्या टोकाचं. निळ्या टाकीचं. शनिवारी नवं लक्ष्य चालू केलं, तेव्हापासून नऊ पोरांनी बॉम्ब टाकले. नेम बरोबर, धडाका बरोबर. धूर निवला की घर आपलं उभं. 'लक्ष्य नष्ट' येत नाही, मिशन संपत नाही, पोरं लोंबकळत राहतात. गुरुवारी वरचे लोक तपासणीला येणारेत. माझं नाक कापलं गेलं तर तुझं शाबूत राहील असं समजू नकोस."

"बघतो, सर."

"बघू नको. पाड."

वैद्यानं चहा घेतला, पण तो त्याला लागला नाही.

कारण ते घर खरंच त्याचं होतं. चार वर्षांपूर्वी हुकूम आला होता, आठवड्यात एक गाव उभं करा. गाव उभं करायचं म्हणजे घरं हवीत, आणि घरं करायची तर मापं हवीत. दुसऱ्याचं घर कोण मोजू देतो? रविवारी त्यानं टेप घेऊन स्वतःचंच मोजलं. बाहेरून गच्चीवर जाणारा लोखंडी जिना, अकरा पायऱ्या, वरून तिसरी किंचित उचललेली. निळी टाकी, झाकणावर वीट. स्वयंपाकघराच्या खिडकीची एक काच बदललेली, तिचा रंग बाकीच्यांपेक्षा हिरवट. सगळं जसंच्या तसं त्यानं पडद्यावर चढवलं आणि घरी जाऊन म्हणाला, "आई, तुझं घर युद्धावर गेलं."

"जेवायला येणार आहे ना?" आईनं विचारलं होतं. दोघं पोट धरून हसले होते.

तेव्हा लक्ष्य होतं गावाबाहेरचं दारूगोळ्याचं गोदाम. घरं नुसती शोभेला. पण महिन्यापूर्वी वरून कागद आला: गोदाम फार सोपं पडतं, शत्रू घराघरांत लपलेला असतो, एखादं घर ठेवा. ससाण्यानं नकाशावर बोट ठेवलं ते नेमकं गल्लीच्या टोकावर. वैद्यानं बघितलं कुठल्या घरावर ठेवलंय ते. 'हे नको, शेजारचं घ्या' एवढं म्हणायला जीभ उचलायला हवी होती. नाही उचलली. चित्रच आहे, चित्राला काय लागतं, असं स्वतःला समजावून त्यानं मुकाट्यानं खूण बदलली. पोटावर पाय येऊ नये म्हणून माणसं जे जे करतात त्यात हे काही फार मोठं नव्हतं.

दिवसभर तो त्या घरामागं लागला. घराची ताकद आठशे होती, ती एकवर आणली. एक म्हणजे दगड मारला तरी पडावं. नाही पडलं. बॉम्ब बदलला, उंची बदलली. घर काढून त्याच जागी बराक ठेवली. पहिल्याच बॉम्बला भुईसपाट. पुन्हा घर ठेवलं. धूर, धडाका, आणि धुरातून वर येणारी निळी टाकी. झाकणावर वीट.

संध्याकाळी आई दारात जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती. गुडघ्याला तेल चोळत होती.

"तुमची ती विमानं किती खाली येतात रे?"

"कुठली विमानं?"

"तुझ्या ऑफिसची. दुसरी कुठली असणार? शनिवारपासून नुसता उच्छाद. टाकीवर आदळतात की काय वाटतं."

"आई, आमच्याकडं विमान नाही. खुर्ची आहे."

"मग तुमची खुर्ची फार आवाज करते," आई म्हणाली आणि तेलाची बाटली घट्ट बंद केली.

तो हसला.

"आणि तू या गुडघ्यांनी वर चढतेस कशाला? मी आल्यावर काढीन की कपडे."

"तू येईस्तोवर अंधार होतो. वाळलेले कपडे दोरीवर राहिले की घरात माणूस नाही असं वाटतं लोकांना."

मंगळवारी त्यानं नोंदी काढल्या. बॉम्ब पडतो तेव्हा लक्ष्याच्या आवारात जे जे असतं त्याची यंत्र यादी करतं. घर: एक. टाकी: एक. जिना: एक. खांब: दोन. व्यक्ती: एक.

व्यक्ती नावाची वस्तू त्यांच्या पडद्यावर ठेवायच्या चित्रांच्या कोठारातच नव्हती. उभा सैनिक होता, पालथा सैनिक होता, ट्रकचा चालक होता. व्यक्ती नव्हती. त्यानं मिशनमधल्या सगळ्या वस्तू एकेक करून तपासल्या. दोनशे चौदा. एकही माणूस नाही. यादीत मात्र नऊच्या नऊ वेळा: व्यक्ती: एक.

मिशन चालू ठेवून त्यानं विमानाशी न बांधलेला मोकळा कॅमेरा गल्लीवरून हळूहळू पुढं नेला. गच्चीवर आणला. टाकीपासून कठड्यापर्यंत दोरी होती. दोरी त्यानं कधीच काढली नव्हती. दोरीवर निळ्या चौकड्यांची चादर वाळत होती, कोपऱ्यात तांबडं ठिगळ. त्याच्या संगणकात वारा झाडांना लागायचा, कापडाला लागत नसे. कापडाला वारा कसा लावायचा हे त्यांच्यातल्या कुणालाच येत नव्हतं.

चादर हलत होती.

"झालं का?" मागून ससाणा. वैद्यानं पटकन पडदा बदलला.

"शोधतोय, सर."

"शोध कसला लावतोस? एक ओळ लिही. बॉम्ब लागला की घर पाड, विषय संपला. नवीन लागलेली ती संगणकवाली पोरगी दहा मिनिटांत लिहील. उद्या संध्याकाळपर्यंत तुझी वाट बघतो, मग तिला बसवतो."

ती ओळ वैद्यालाही येत होती. सोमवारी दुपारपासून ती त्याच्या बोटांत होती.

रात्री जेवताना त्यानं ताटाकडं बघत विचारलं, "आज काय वाळत घातलं होतंस?"

"चादर. का रे?"

"काही नाही. आई, मावशीकडं चार दिवस जाऊन येतेस का?"

"तिच्याकडं? ती दोन दिवसांत मला शहाणपण शिकवायला लागते. आणि घर कुणाच्या जिवावर सोडू?"

बुधवारी सकाळी तो कामावर गेला नाही. पोट बिघडल्याचं कळवलं आणि स्वयंपाकघरात बसून राहिला. अकरा वाजता आईनं गॅस बंद केला, चष्मा डब्यात ठेवला आणि दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहिली. रोजचंच असल्यासारखं.

"इथं काय करतेस?"

"भिंतीपेक्षा चौकट बरी. आलं बघ."

त्याला काहीही ऐकू आलं नाही. रस्त्यावर कुणी सायकलची घंटी वाजवली, तेवढीच. पण टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरलं. मधोमध बारीक वर्तुळं उठली, काठापर्यंत गेली, विरली. मग छतावरून चुन्याचा एक कण सुटला आणि त्याच्या चहात पडला.

"एक," आई म्हणाली.

त्यानं चहा बाजूला सारला. बसून राहिला. पेला पुन्हा थरथरला, पुन्हा निवला. आई मोजत राहिली. पाचव्या वेळेनंतर त्यानं ऑफिसात फोन लावला. तिथं फेऱ्या चालवणारा पडदेवाला त्याचा जुना मित्र होता.

"किती फेऱ्या झाल्या रे नऊच्या?"

"पाच. तुझं पोट कसंय? थांब जरा, सहावा बसला. निघालासुद्धा."

वैद्यानं फोन कानाला तसाच धरला. समोर आईनं मान वर केली. छताकडं बघत तिनं दोन्ही हातांनी चौकट धरली.

दुपारी तो ऑफिसात पोचला तो थेट टेबलावर. ती ओळ लिहायची नाही एवढं पक्कं होतं. पण नुसती न लिहून भागणार नव्हतं. पोरगी लिहिणारच होती. घरच बदलायला हवं होतं.

त्यानं नवीन घर काढायला घेतलं. कुणाचंच नसलेलं घर. टेप नाही, माप नाही, आठवण नाही. कुठं पाहिलेलं काही हाताला आलं की खोडलं. पुढच्या बाजूला एकच गोल खिडकी, जहाजाला असते तशी. दार हिरवं आणि घराच्या मानानं जरा बुटकं. धुराडं मधोमध नाही, कोपऱ्यात, वाकडं. असं घर कुठला शहाणा गवंडी बांधील, असा विचार करून तो पहिल्यांदा थोडा सैल झाला.

मग जुनं घर काढून टाकायची वेळ आली. पाडणं वेगळं आणि पुसणं वेगळं, हे त्याला कळत होतं. पुसणं बरं की वाईट, ते कळत नव्हतं. त्यानं घरावर खूण केली, एक बोट कळीवर ठेवलं आणि दुसऱ्या हातानं आईला फोन लावला.

"काय करतेस?"

"काय करणार? कपड्यांच्या घड्या घालतेय. पोट कसंय?"

"बरंय. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही बोल. घड्या किती झाल्या ते सांग."

"वेडा झालास का? दोन टॉवेल, तुझा सदरा—"

त्यानं कळ दाबली. गल्लीचं टोक रिकामं झालं.

फोनमध्येही काही नव्हतं.

"आई?"

काही नाही.

"आई! हॅलो!"

"अरे, ओरडतोस कशाला? सदऱ्याचं बटण तुटलंय तुझं, ते शोधत होते."

त्यानं कपाळ टेबलावर टेकवलं. मग रिकाम्या जागेत नवीन घर ठेवलं, ताकद आठशे लिहिली, पोरांना दाखवायच्या माहितीपत्रकातलं लक्ष्याचं छायाचित्र बदललं आणि घरी गेला.

गुरुवारी वरचे चौघे आले. गुळगुळीत बूट, गुळगुळीत गाल. पहिला पोरगा डोंगराच्या आडून वर आला, झेपावला आणि बॉम्ब टाकला. धडाका. धूर निवला तेव्हा विटांचा ढीग होता, वर वाकडं धुराडं आडवं. पडद्यावर अक्षरं उमटली: लक्ष्य नष्ट. चौघांनी टाळ्या वाजवल्या. खुर्च्या मऊ होत्या, चहा गरम होता. युद्ध शिकवणारांचा चहा कधी गार होत नाही. अकरा पोरांनी अकरा वेळा घर पाडलं, दर फेरीला ते पुन्हा उभं राहिलं आणि पुन्हा पडलं.

"वैद्यबुवा," ससाण्यानं पाठीवर थाप मारली, "रोगी नुसता उठला नाही, नाचायला लागला."

संध्याकाळी आई म्हणाली, "आज कोणी फिरकलं नाही बाबा. कंटाळलेत वाटतं."

"कंटाळले," तो म्हणाला. त्या रात्री तो मेल्यासारखा झोपला. शुक्रवारी त्यानं जिन्याची तिसरी पायरी ठोकून बसवली. शनिवार-रविवार आईच्या हाताखाली घर झाडलं.

सोमवारी ससाणा कागद नाचवत आला. "वरच्यांना तुझं घर फार आवडलं. म्हणाले, अगदी खरं वाटतं. तशी वीस हवीत. अख्खं गाव कर, पुढच्या महिन्यापासून गावच लक्ष्य."

"वीस?"

"प्रत्येक वेगळं हं. तुला काय, डोक्यातून तर काढायचीत."

तो गेल्यावर वैद्यानं गुरुवारच्या नोंदी उघडल्या. उघडायचं काही कारण नव्हतं. काम झालं होतं, शाबासकी मिळाली होती. वीस वर्षांची सवय, दुसरं काय.

पहिली फेरी. घर: एक. धुराडं: एक. व्यक्ती: पाच. लक्ष्य नष्ट.

दुसरी फेरी. घर: एक. धुराडं: एक. व्यक्ती: शून्य. लक्ष्य नष्ट.

तिसरी फेरी. शून्य. चौथी. शून्य. अकराव्यापर्यंत शून्य.

त्यानं मिशन चालू केलं. नियमाप्रमाणं घर पुन्हा उभं होतं. हिरवं दार, गोल खिडकी. कॅमेरा त्यानं घरावरून पलीकडं, मागच्या बाजूला नेला. मागची बाजू त्यानं काढलीच नव्हती, नुसती सपाट भिंत सोडली होती.

तिथं दोन खांबांना बांधलेली दोरी होती. दोरीवर एक मोठा सदरा, एक बाईचा झगा, एक पोराची विजार, त्याहून लहान एक, आणि शेवटी तळहाताएवढं झबलं. गुरुवारपासून उन्हात राहून सगळं कडक झालं होतं. झबल्याचा एक चिमटा सुटला होता आणि ते एका खांद्यावर लोंबत होतं.

वारा होता. कपडे अजून दोरीवरच होते.