सातवा हात

तेरा संचालक असले की सभापती व्हायला सात हात लागतात. एवढं गणित कुणालाही येतं. अवघड आहे ते हे सात हात मतदानापर्यंत आपल्या बाजूला टिकवणं, आणि त्यात आमच्या डोंगरपट्टा कापूस संघाची रीत फार वाईट. मागच्या वेळी मी माझ्या माणसांना गोव्याला नेऊन ठेवलं होतं. त्यातला एक हॉटेलच्या स्वयंपाकघरातून पळाला, समोरच्या पार्टीच्या गाडीत बसला, आणि सभेत माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्यासाठी हात वर करून वर हसला. अठरा वर्षं मी या संघापायी चपला झिजवल्यात. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही.

म्हणून यंदा परदेश. अंबाजोगाईला प्रवीण नावाचा पोरगेला टूरवाला आहे, माझ्या मावसभावाचा मुलगा. तो म्हणाला, "काका, थायलंडला समोरचे बी पोचतेत. तुमी यांना उडवायला न्या." म्हणजे काय, तर अरबांच्या वाळवंटात एक कंपनी आहे. गाव नाही, रस्ता नाही, चारी बाजूंनी वाळू. तिथं जायरोकॉप्टर नावाची उघडी विमानं आहेत. दोन सीटची, पुढं पायलट, मागं एक माणूस. बुलेट मोटरसायकलवर छताचा पंखा उलटा बसवला तर कसं दिसेल, तसं. गंमत म्हणजे तो वरचा पंखा उडताना इंजिनवर चालतच नाही, निव्वळ वाऱ्यानं फिरतो. रोज दोघांना वर न्यायचं, बाकीच्यांनी तंबूत पत्ते खेळायचे. पळायचं म्हटलं तरी पळणार कुठं? मी तिथल्या तिथं होकार दिला.

फॉर्मवर प्रत्येकाचं वजन लागत होतं. मागच्या सीटवर किती वजन आहे हे पायलटला माहीत असावंच लागतं म्हणे, नाहीतर यंत्राचा तोल बिघडतो. सिरसाळ्यात संघाच्या गोदामात कापसाचा काटा आहे, त्याच्यावरच मी एकेकाला उभं केलं. नाथा शहाण्णव किलो भरला तेव्हा सगळे म्हणाले, याला आत्ताच्या भावात विकून टाका. अंगद एकाहत्तर. आकडा मी स्वतः वाचला, स्वतः लिहिला.

अंगदबद्दल सांगायला पाहिजे. धारूरच्या शाळेत असताना मी तीन वर्षं त्याच्या घरी जेवलो. किल्ल्याच्या उतारावर त्यांची वस्ती. त्याची आई, मुक्तामावशी, आम्हा दोघांना एका ताटात वाढायची आणि मला एक भाकर जास्त द्यायची, कारण मी परका. यंदा ती दम्यानं अंथरुणाला लागली होती आणि अंगद यायला तयार नव्हता. तिनंच त्याला रागावून उठवलं. म्हणाली, "जा. महारुद्रचं काम हाय." मग माझा हात धरला. "पर येळंवर परत आण रं त्याला. मला आग द्यायला दुसरं कोण हाय?"

"माझा शब्द हाय मावशी," मी म्हणालो.

शनिवारी आम्ही निघालो. गुरुवारी अकराला मतदान. विमानतळावरच मी सगळ्यांचे फोन आणि पासपोर्ट गोळा करून माझ्या कातडी बॅगेत टाकले. यात कुणाला वावगं वाटत नाही, आमच्याकडं ही रीतच आहे. अंगद तेवढा दिवसातून चारदा विचारायचा, "घरून फोन आला का बे?" मी बॅगेत बघायचो आणि खरं तेच सांगायचो, की नाही आला.

मंगळवारी सकाळी साडेसहाला बॅग थरथरली. तंबूत मी एकटा होतो. अंगदची बायको सत्यशीला.

"भाऊजी, आत्याबाई गेल्या," ती म्हणाली. "पाटंलाच गेल्या. यांना द्या."

मी बाहेर बघितलं. अंगद नळावर तोंड धूत होता, पंधरा पावलांवर. हाक मारली असती तर आला असता. आता मला कुणी काहीही म्हणा. त्या क्षणी माझ्या डोक्यात मुक्तामावशी नव्हती. सहा आणि सहा, एवढंच होतं. सहाला सहा झाले की चिठ्ठी टाकतात, आणि चिठ्ठी माझ्या बाजूनं कधीच निघालेली नाही.

"सांगितलंय त्याला," मी म्हणालो. "लई रडायलाय, बोलायच्या मनःस्थितीत न्हाई. विमानात जागा मिळंना गेली. तुमी थांबू नका."

 ती म्हणाली, "मग आग कोण देणार?"

मी फोन बंद केला. गुरुवारी मत पडलं की सांगू, असं मनाशी ठरवलं. दोन दिवसांनी काय बिघडतं? मेलेलं माणूस काही परत येत नाही. असं मी अक्षरशः स्वतःशी बोललो.

त्या दिवशी उडायचा पहिला नंबर अंगदचा होता. तो मला नको म्हणाला, त्याला सकाळपासून कसंतरी होत होतं. मीच त्याला जबरदस्तीनं बसवलं. वर असला तर निदान विचारणार नाही, फोन आला का म्हणून. हेल्मेटचा पट्टा माझ्या हातानं आवळला. त्याचे केस दाट, कपाळावर येणारे. ते हेल्मेटच्या कडेनं बाहेर आले होते, मी बोटानं आत सारले. हे मी नीट सांगतोय, कारण नंतर लोकांनी वेगळंच ठरवलं.

नऊला ते उडाले. आपल्याकडं तेव्हा साडेदहा. यंत्र वाळूवरून धावलं, उचललं गेलं, टेकाडांवरून लांब गेलं आणि माशीएवढं झालं. हवा कोरडी होती, आवाज बराच वेळ येत राहिला. मग मधेच तो आवाज एकदम पातळ झाला, भरली गाडी उतरून रिकामी झाल्यावर होतो तसा. मी नाथाला म्हणालो, ऐकलंस का. तो पत्ते पिसत होता.

पंचवीस मिनिटांनी ते उतरले. पायलट केरळचा पोरगा, रोज हसतमुख. तो उतरला आणि सरळ माझ्याकडं आला. मागं वळून बघितलं नाही.

"साब, बीच में पीछे का वजन चला गया था," तो हळू आवाजात म्हणाला.

"मतलब?"

"सीट खाली हो गया. मशीन ऊपर उछला. मैंने आवाज दिया, जवाब नहीं. दस-बारा मिनिट." त्यानं हातमोजे काढले. "फिर वजन आ गया."

"तुमने देखा नहीं पीछे?"

"नहीं साब. नहीं देखा."

अंगद अजून मागच्या सीटवर बसून होता. मी जाऊन पट्टा सोडला, हेल्मेट काढलं.

डोक्यावर एक केस नव्हता. मिशी नव्हती. चकोट, ताजं. कानामागं वस्तऱ्याचा बारीक कट होता आणि त्यावरचं रक्त अजून ओलं होतं.

त्यांच्या घराण्यात आग देणारा आधी डोकं आणि मिशी उतरवतो. हे मला माहीत होतं. नाथालाही माहीत होतं. पण नाथा म्हणाला, "हा येडा सकाळीच चकोट करून आलता वाटतं टोपीखाली." सगळ्यांनी मान हलवली. माणसाला काहीतरी धरायला लागतं. मीही हलवली.

अंगद माझ्याकडं बघत होता. मी वाट बघत होतो, की आता विचारेल. त्यानं विचारलं नाही. त्यानंतर दोन दिवस तो कशालाच काही बोलला नाही. बस म्हटलं की बसायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. समोर ठेवलं ते जेवायचा, पण मीठ वाढा की साखर वाढा, सारख्याच चवीनं. येताना विमानतळावरच्या बाईनं पासपोर्टवरचा फोटो बघितला, त्याचं तोंड बघितलं आणि शिक्का मारला. तो शिक्का आजही आहे. मी तपासलाय.

गुरुवारी अकराला सिरसाळ्याच्या गोदामावरच्या सभागृहात आम्ही सात जण ओळीनं बसलो. अधिकाऱ्यांनी माझं नाव वाचलं. मी हात वर केला, नाथानं केला, बाकीच्यांनी केला. पाच, सहा. अंगद समोर बघत होता.

"अंगद," मी म्हणालो.

त्यानं हात वर केला. सात.

हार, गुलाल, फटाके सगळं झालं. अठरा वर्षांनी झालं. गर्दी खाली उतरल्यावर मी त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो. "अंगद, चल. घरी जायचंय. तुला एक सांगायचंय." तो खुर्चीवरून उठला नाही. मी खांद्याला धरून हलवलं तर खांदा थंडगार लागला. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा सुटल्यासारखंच झालं. म्हटलं, आधी आपण सत्यशीलाचे पाय धरू, मग याला नेऊ.

मी एकटाच धारूरला गेलो. वस्तीवर चार माणसं बसली होती. सत्यशीला बाहेर आली आणि तिनं माझ्यापुढं हात जोडले.

"लई उपकार झाले भाऊजी. तुमी न्हाई म्हणलात, अन् साडेदहाला हे दारात. सरण रचूनच झालतं. न्हाव्याला बोलावलं, डोकं केलं, आग दिली. कसे आलात इचारलं तर म्हणले, महारुद्रनं इमानात बसवलं."



"आज राख सावडली. ओढ्यावरून आत्ताच आले."

आतून अंगद आला. ओलं धोतर, चकोट डोकं. कानामागं कट, त्याच्यावर खपली धरलेली. माझ्या अंगावरचा गुलाल त्यानं वरपासून खालपर्यंत बघितला.

"झालास का?" त्यानं विचारलं.

"झालो."

"किती?"

"सात."

त्यानं मान वर केली. डोळे सुजलेले होते. रडलेल्या माणसाचे असतात तसे, जिवंत.

"सत्यशीलानं सांगितलं सगळं," तो म्हणाला. "पंधरा पावलांवर व्हतो बे मी. एकदा सांगून बघायचंस. आग देऊन पळत आलो असतो तुझ्या मताला. तू इचारलंच न्हाईस."

मग तो आत गेला. त्यानंतर आजतागायत तो माझ्याशी बोललेला नाही. आता आठ महिने होतील. त्याचे केस पुन्हा कपाळावर आलेत, मिशी आली, रब्बीची ज्वारी त्यानं चांगली काढली. वस्ती सोडून तो कुठं जात नाही, संघाचं तर नावही काढत नाही.

संघाच्या सभेला मात्र अंगद हजर असतो. माझ्या उजवीकडं, त्याच खुर्चीत. हजेरीवर सही असते. मी मांडलेल्या प्रत्येक ठरावाला त्याचा हात वर होतो. संचालक त्याच्याकडं बघत नाहीत, आणि मीही बघत नाही. तो कधी येतो आणि कधी जातो हे कुणी कुणाला विचारत नाही.

परवा मी सभागृहात सकाळी लवकर गेलो. झाडलोट करणारी छबुबाई केरसुणी घेऊन दारात उभी होती.

"सायेब, अंगदराव लई सज्जन माणूस," ती म्हणाली. "खुर्चीखाली झाडताना पाय उचला म्हणलं की उचलतेत. रोज. एका शब्दानं तरास न्हाई."

"रोज?"

"रोज की. कुठं जातेत ते? इथंच असतेत." तिनं आवाज खाली आणला. "फकस्त एक इचारतेत मला. घरून फोन आला का म्हणून. मी काय सांगू, सायेब?"

दार अर्धवट उघडं होतं. आत उजव्या बाजूची खुर्ची दिसत होती.

"सांग," मी म्हणालो, "नाही आला."